पीटर मेडावर: भाजलेली कातडी, जुळी वासरं आणि म्हातारपण

कृष्णाकाठ (सांगली)

नोबेलच्या यादीत १९६० साली पीटर मेडावर हे नाव येतं, ऑस्ट्रेलियाच्या बर्नेटच्या जोडीनं, आणि बहुतेक ठिकाणी त्याची ओळख तिथंच संपते. अवयव बदलणं ज्याच्या कामामुळं शक्य झालं तो, बास. ते खरंच आहे, पण मला कायम वाटत आलंय की या माणसानं म्हातारपणाबद्दल जे सांगितलं ते त्याच्या नोबेलच्या कामाइतकंच मोठं आहे, आणि ते आपल्याकडं कुणी मुलांना सांगतच नाही. मी अकरावी-बारावीला बायो शिकवतो, मुलं हुशार असतात, पण "माणूस म्हातारा का होतो" असं विचारलं की सगळी एका सुरात "झीज होते सर" म्हणतात. म्हणून हा धागा. मोठा होणार आहे, सवडीनं वाचा.

मेडावरचा जन्म १९१५ चा, ब्राझीलमधला, वडील लेबनॉनचे, आई इंग्लिश. शिकला ऑक्सफर्डला, प्राणिशास्त्र. १९४० च्या उन्हाळ्यात युद्ध चालू असताना त्याच्या घराजवळच एक विमान पडलं आणि त्यातला एअरमन भयानक भाजला. डॉक्टरांनी मेडावरला विचारलं, याला काही करता येईल का. अंगाचा मोठा भाग भाजला की स्वतःची कातडी पुरत नाही, आणि दुसऱ्याची लावली तर काही दिवस छान धरते आणि मग गळून पडते. का पडते ते तेव्हा नीट माहीत नव्हतं.

मग तो ग्लासगोला गेला, तिथल्या भाजलेल्यांच्या वॉर्डात गिब्सन नावाच्या सर्जनबरोबर काम केलं. एका तरुण बाईला तिच्या भावाच्या कातडीचे छोटे छोटे तुकडे लावले आणि थोड्या थोड्या दिवसांनी त्यातले काही काढून मायक्रोस्कोपखाली बघत राहिले. पहिली खेप काही दिवस टिकली. त्याच भावाच्या कातडीची दुसरी खेप लावली तर ती लगेच खराब झाली. इथंच मेख आहे. नुसती जखम, इन्फेक्शन किंवा रक्तपुरवठा हेच कारण असतं तर दोन्ही खेपांना सारखाच वेळ लागला असता. दुसऱ्या खेपेला शरीरानं ती कातडी ओळखली, म्हणजे पहिल्या खेपेची आठवण शरीरात राहिली होती, आणि अशी आठवण ठेवणारी यंत्रणा म्हणजे आपली प्रतिकारशक्ती. १९४३ साली हे छापून आलं आणि नंतर सशांवर त्यानं ते पक्कं करून दाखवलं.

पुढचा भाग गोठ्यातला आहे. १९४८ ला स्टॉकहोमच्या एका परिषदेत डोनाल्ड नावाच्या माणसानं त्याला विचारलं की गाईला जुळी झाली तर ती एकाच बीजाची आहेत की दोन वेगळ्या बीजांची हे कसं ओळखायचं. मेडावर म्हणाला सोपं आहे, एकाची कातडी दुसऱ्याला लावा, टिकली तर एका बीजाची, गळाली तर दोन. मग आपला सहकारी बिलिंगहॅम याला घेऊन स्टॅफर्डशायरमधल्या फार्मवर जाऊन वासरांवर कलमं केली, आणि जवळजवळ सगळीच टिकली! एक खोंड आणि एक कालवड असलेली जुळी, म्हणजे एका बीजाची असणं शक्यच नाही, तीसुद्धा एकमेकांची कातडी बिनतक्रार धरून बसली.

याचं उत्तर अमेरिकेत रे ओवेननं १९४५ लाच अर्धं दिलेलं होतं. गाईच्या पोटात जुळ्यांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात, त्यामुळं एकाच्या रक्तपेशी दुसऱ्यात जाऊन कायमच्या मुक्काम करतात. म्हणजे जन्माआधी जे शरीरात आलं ते "आपलं" म्हणून मान्य झालं. हे मुद्दाम घडवून आणता येईल का? बिलिंगहॅम, ब्रेंट आणि मेडावर या तिघांनी तपकिरी उंदरांच्या पोटातल्या पिल्लांना पांढऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी टोचल्या. पिल्लं जन्मली, मोठी झाली, मग त्यांना त्या पांढऱ्या उंदराची कातडी लावली. काहींनी ती धरली. तपकिरी अंगावर पांढऱ्या केसांचा चौकोनी ठिगळ घेऊन तो उंदीर मजेत फिरतोय, असा तो फोटो आहे. १९५३ ला नेचरमध्ये आलं. नोबेलचे पैसे मेडावरनं त्या दोघांबरोबर वाटून घेतले, हे मी वर्गात दरवर्षी आवर्जून सांगतो.

आता म्हातारपण. १९५१ ला तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रोफेसर झाला आणि पहिलंच व्याख्यान कातडीवर न देता म्हातारपणावर दिलं. त्याचं म्हणणं मी माझ्या पद्धतीनं सांगतो. त्यानं प्रयोगशाळेतल्या टेस्ट ट्यूब घेतल्या होत्या, मी चहाच्या टपरीवरचे काचेचे ग्लास घेतो. समजा दर महिन्याला शंभरातले दहा ग्लास फुटतात. कोणता फुटेल ते नशीब, जुना ग्लास नव्यापेक्षा कमजोर अजिबात नाही. एका वर्षानं पहिल्या शंभरातले २८ उरतील, दोन वर्षांनी ८, तीन वर्षांनी दोनच. म्हणजे म्हातारपण नावाची गोष्टच नसली तरी जुने ग्लास थोडेच राहणार. आता समजा एखाद्या ग्लासात असा दोष आहे की तो तीन वर्षं झाली की आपोआप तडकतो. मालकाचं काय नुकसान? जवळजवळ काहीच नाही, कारण तीन वर्षं गाठणारे ग्लासच दोन. पण तोच दोष पहिल्याच महिन्यात दिसला तर धंदा बसेल.

प्राण्यांचंही तेच. वाघ, साथ, दुष्काळ यांनी बहुतेक जण तसेही लवकर जातात. त्यामुळं जो जनुक तरुणपणी घात करतो त्याला निसर्ग चाळून काढतो, आणि जो पन्नाशीनंतर घात करतो तो सुटतो, कारण तोवर पोरंबाळं होऊन तो पुढच्या पिढीत गेलेला असतो. हंटिंग्टन नावाचा मेंदूचा आजार आहे, साधारण ३० ते ५० च्या दरम्यान सुरू होतो, आईबापापैकी एकाकडून आला तरी पुरतो. इतका वाईट आजार, तरी अजून टिकून का? कारण तो उशिरा येतो. हे हॉल्डेन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं आधीच हेरलं होतं, मेडावरनं ते सगळ्या म्हातारपणाला लावलं. अशी उशिरा बाधणारी शेकडो जनुकं साठत गेली, त्यांची बेरीज म्हणजे म्हातारपण.

मला यातलं सगळ्यात भिडतं ते हे की म्हातारपण कुणी आखून दिलेलं नाही. त्या वयावर निसर्गाच्या निवडीचा पहारा ढिला पडला, एवढंच.

---

वाळव्याचा_गोठा

सर लई भारी लिहिलंय, दोनदा वाचलं. आमच्याकडं एचएफ (होल्स्टीन) गाया हायत, जुळं झालं आणि एक खोंड एक कालवड असली की जुनी माणसं म्हणायची ती कालवड ठेवू नगा, ती गाभण ऱ्हात न्हाई. आम्हाला वाटायचं हे असंच काहीतरी जुनं. पण मागं एक ठेवली होती, दिसायला एक नंबर, पेंड घालून वाढवली आणि माजावरच आली न्हाई. ते आणि तुम्ही सांगितलं ते रक्तवाहिन्यांचं एकच का?

---

कराडचा_पशुवैद्य

@वाळव्याचा_गोठा दादा, एकच. वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या की दोन गोष्टी इकडून तिकडं जातात, पेशी आणि हार्मोन. खोंडाचे वृषण आधी तयार होतात, त्यांच्यातून निघणारे स्राव कालवडीच्या रक्तात जातात आणि तिचं गर्भाशय, बीजांडं नीट वाढत नाहीत. फ्रँक लिली म्हणून अमेरिकन शास्त्रज्ञ होते, त्यांनी हे १९१६-१७ सालीच सांगितलं होतं. अशा जुळ्यातल्या शंभरातल्या नव्वदच्या वर कालवडी वांझ निघतात. तुमची जुनी माणसं बरोबरच होती.

पण एक सांगतो, सरसकट विकू नका. थोड्या चांगल्याही निघतात. रक्त तपासलं तर कळतं, मादीच्या रक्तात नराच्या वाय गुणसूत्राच्या पेशी सापडल्या की समजायचं रक्त मिसळलेलं आहे. तपासणी जमत नसेल तर डॉक्टर लहानपणीच योनीमार्गाची लांबी बघून बराच अंदाज देतात, तो आखूड असतो. हे वासरू दोन-चार आठवड्यांचं असताना केलं तर वर्षभराची पेंड वाचते. आणि दोन्ही कालवडी असतील तर ही भानगड नाही.

---

फलटण_माळरान

मेंढ्यांत पण असं होतं का? विचारायचं कारण आमच्याकडं फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या गारोळ मेंढीतला जुळं होण्याचा जनुक दख्खनी मेंढीत आणलाय, नारी सुवर्णा म्हणतात त्या जातीला. एकच जनुक, आणि एका कोकराच्या जागी दोन. मग त्यातल्या माद्या वांझ निघत असत्या तर सगळं मुसळ केरातच की.

---

कराडचा_पशुवैद्य

नाही, मेंढी-शेळीत वारेतल्या रक्तवाहिन्या सहसा जोडल्या जात नाहीत, त्यामुळं क्वचितच होतं. नारी सुवर्णाचं जुळं बिनधास्त ठेवा. आणि म्हणूनच ओवेन आणि मेडावर दोघांनाही गाईनं हात दिला. मेंढीवर प्रयोग केला असता तर बहुतेक कातडी गळून पडली असती आणि गोष्ट तिथंच थांबली असती.

---

मिरजकर_७

माझ्या थोरल्या भावाला किडनी बसवलीय, धाकट्यानं दिली. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते टायपिंग बघू, म्हणजे दोघांचं किती जुळतंय ते, सख्खा भाऊ आहे तर चान्स चांगला. नंतर कळलं अर्धंच जुळतंय. आता रोज सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून टॅक्रोलिमसची गोळी (शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून), एक वेळ चुकली तर वहिनी घर डोक्यावर घेते, आणि वर्षातून कितीदा तरी तिची रक्तातली लेव्हल तपासायची. हे वाचून एकच प्रश्न पडला, १९५३ साली उंदराला जमलं तर माणसाला आजही जन्मभर गोळ्या का?

---

कृष्णाकाठ

@मिरजकर_७ भाऊंची तब्येत चांगली राहो. तुमचा प्रश्न अगदी वर्मावरचा आहे.

आधी अर्ध्याचं सांगतो. आपलं-परकं ओळखायच्या मुख्य खुणा म्हणजे एचएलए, त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना चिकटून बसलेली असतात आणि सहसा सगळी एकगठ्ठा पुढं जातात. आईकडून दोनपैकी एक गठ्ठा, वडलांकडून दोनपैकी एक. म्हणून सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळायची शक्यता चारात एक, अर्धं जुळायची चारात दोन, आणि अजिबात न जुळायची चारात एक. अर्धं जुळणं हेच सगळ्यात जास्त वेळा होतं, त्यात वाईट काही नाही. १९५४ ला बोस्टनमध्ये पहिली यशस्वी किडनी बसली ती एका बीजाच्या जुळ्या भावांत, तिथं ओळखायला परकं असं काही नव्हतंच.

आता उंदराचं. त्या पिल्लांना पेशी टोचल्या तेव्हा त्यांची प्रतिकारयंत्रणा अजून शिकत होती. त्या वेळात जे समोर आलं ते आपलं. मोठ्या माणसाची शाळा कधीच सुटलेली असते, आणि कुणाला पुढं कुणाची किडनी लागणार हे जन्माआधी कोण सांगणार? म्हणून मोठ्यांसाठी प्रतिकारशक्ती दाबून ठेवायची औषधं आली. किडनीबरोबर दात्याचा बोन मॅरो देऊन नंतर गोळ्या बंद करायचे प्रयोग झालेत, काही पेशंटमध्ये जमलंयसुद्धा, पण अजून ते सगळ्यांना देण्यासारखं झालेलं नाही. भाऊंनी स्वतःच्या मनानं गोळी कमी करायची नाही, कुणी कितीही चांगलं वाटतंय म्हटलं तरी.

मेडावरच्या कामाचं मोल असं की हे अशक्य नाही हे त्यानं दाखवलं. तोवर सर्जन लोकांची समजूत अशी होती की परकी कातडी गळणारच, त्याला इलाजच नाही.

---

माणदेशी_७८

लेख चांगला आहे पण मला म्हातारपणाचं पटलं नाही. माझी आज्जी नव्वदी ओलांडलेली, दहिवडीजवळ राहती, अजून शेळ्यांमागं जाती. तिच्या बरोबरीच्या शहरातल्या बायका कधीच गेल्या. काम, खाणं, हवा यावर सगळं आहे. यंत्र वापरलं की झिजतं, शरीर पण झिजतं, त्यात जनुकांचा काय संबंध? उगाच सोपी गोष्ट अवघड करून सांगताय असं वाटतं.

---

कृष्णाकाठ

@माणदेशी_७८ आज्जींना नमस्कार सांगा. खाणं, काम, हवा यांनी फरक पडतो हे मान्यच, मेडावरही ते नाकारत नव्हता. पण झिजेवर सगळं सोडलं तर एक गोष्ट सुटत नाही. घरातला उंदीर फार तर दोन-तीन वर्षं जगतो, अगदी पिंजऱ्यात खायला-प्यायला घालून ठेवला तरी. त्याच्याच वजनाची, किंवा त्याहून हलकी, वटवाघळं आहेत, काही जाती तीस वर्षांच्या वर जगतात. वटवाघूळ रात्रभर उडतं, त्याच्या हृदयाला उंदरापेक्षा आराम नाही. झीजच असती तर आधी ते गेलं पाहिजे.

मेडावरच्या बाजूनं बघा. उंदराला मांजर, साप, घुबड सगळेच खातात, वर्षभर जगला तरी खूप. मग तीन वर्षांनंतर शरीर धड ठेवणाऱ्या जनुकाला किंमत कोण देणार? वटवाघूळ उडून जातं, गुहेत लपतं, त्यामुळं म्हाताऱ्या वटवाघळांचीही पिल्लं होतात, आणि उशिरा घात करणारे जनुक तिथं चाळले जातात.

हे नुसतं बोलणं नाही. अमेरिकेत स्टीव्हन ऑस्टॅडनं ओपोसम नावाच्या प्राण्याचे दोन कळप बघितले, एक मुख्य भूमीवरचा आणि एक बेटावरचा, जिथं त्याला खाणारे जवळपास नव्हते. बेटावरचे हळू म्हातारे होत होते, अगदी शेपटीच्या स्नायूबंधाचा ताठरपणा मोजून त्यानं ते दाखवलं, १९९३ ला छापलं. शिवाय शरीर स्वतःला दुरुस्त करतं, यंत्र करत नाही. कातडी नवी येते, हाड जुळतं, लिव्हर कापलं तरी वाढतं. मग ही दुरुस्ती काही वर्षांनी ढिली का पडते, हा खरा प्रश्न आहे आणि झीज हा शब्द त्याचं उत्तर देत नाही.

---

माणदेशी_७८

वटवाघळाचा मुद्दा मानला. आज्जी फळातली वटवाघळं लई बघती, तिला सांगतो.

---

साताऱ्याची_सिस्टर

मी बारा तास ड्युटी करून आलेय म्हणून थोडक्यात लिहीन म्हटलं होतं पण राहवत नाही. कृष्णाकाठ सर, तुम्ही इम्युनिटी एकीकडं आणि म्हातारपण एकीकडं ठेवलंत, आमच्या वॉर्डात ते दोन्ही एकाच कॉटवर असतं. सत्तरीच्या पेशंटला न्यूमोनिया होतो आणि ताप येतच नाही, नुसता गोंधळल्यासारखा बोलतो, घरचे म्हणतात काल बरे होते. लहान मुलाचं शरीर कसं तापानं फणफणतं आणि दोन दिवसांत खेळायला लागतं.

आणि नागीण! कमरेला पट्टा, आगआग, आणि घरच्यांचा जीव टांगणीला की नागिणीचं तोंड आणि शेपूट भेटलं तर माणूस जातो. कितीतरी जण आधी मंतरून घेतात आणि चार-पाच दिवस घालवून येतात. नागीण म्हणजे लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू, मज्जारज्जूजवळच्या नसांच्या गाठींत वर्षानुवर्षं झोपून राहिलेला. टी पेशींचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा, पहारा कमी झाला की उठतो. एका नसेच्या वाटेनं येतो म्हणून एकाच बाजूला असतो, नस कमरेच्या मध्यावर संपते, त्यामुळं तोंड-शेपूट सहसा भेटतच नाही. तीन दिवसांच्या आत औषध सुरू केलं तर चांगला फायदा होतो, डोळ्याजवळ आली तर त्याच दिवशी दाखवा. लस पण आहे, पन्नाशीनंतरची, डॉक्टरांना विचारा.

---

कृष्णाकाठ

ताई, इतकं छान लिहिलंत, हे मुख्य लेखात पाहिजे होतं. टी पेशी जिथं शिकतात ती थायमस ग्रंथी, छातीच्या हाडामागं असते. लहानपणी भरलेली असते आणि वयात आल्यावर तर आक्रसत आक्रसत तिथं चरबी भरत जाते. म्हणजे नव्या शत्रूसाठी नवे टी पेशी तयार होणं कमी, जुन्यांवरच भागवायचं. म्हाताऱ्यांत लसींचा असर कमी पडतो त्याचं हे एक मोठं कारण.

---

इम्युनो_पुणे_मूळ_विटा

इथं एक गोष्ट नोंदवायला हवी. थायमसचं काम १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी दाखवलं, नुकत्याच जन्मलेल्या उंदरांचा थायमस काढून. त्यांना परकी कातडी लावली तरी ती गळत नव्हती, म्हणजे मेडावरच्याच कसोटीनं सिद्ध केलं. आणि मेडावर यांनी मात्र तेव्हा थायमसमधल्या लिम्फोसाइटना (पांढऱ्या पेशींना) उत्क्रांतीतला एक किरकोळ अपघात म्हणून बाजूला सारलं होतं. इतक्या मोठ्या माणसाची नजर तिथं चुकली, हे मुलांना सांगितलंच पाहिजे. मिलर तरुण होते, ते ऐकून गप्प बसले असते तर? ते प्रयोग करत राहिले.

म्हातारपणाच्या बाबतीतही मेडावर यांच्यापुढं विचार गेलाय. १९५७ ला जॉर्ज विल्यम्स म्हणाले की उशिरा बाधणारे जनुक नुसते सुटत नाहीत, काही तर मुद्दाम निवडले जातात, कारण तेच जनुक तरुणपणी फायदा देतात. प्रतिकारशक्ती हे माझ्या मते याचं चांगलं उदाहरण. जोरदार सूज आणणारी यंत्रणा लहानपणी जुलाब-तापातून वाचवते, आणि तीच साठीनंतर रक्तवाहिन्यांत, सांध्यांत बारीक आगीसारखी चालू राहते. इटलीच्या फ्रान्चेस्की यांनी २००० साली या बारीक सततच्या सुजेला म्हातारपणाशी जोडलं. १९६६ ला हॅमिल्टन यांनी मेडावरचा मुद्दा गणितात बसवला. म्हणून सगळं श्रेय एकाच नावावर नको.

---

कृष्णाकाठ

मान्य. थायमसचं मी लेखात घालतो, तुमच्या नावानं. श्रेय वाटलंच पाहिजे, पण दार कुणी उघडलं हेही सांगू द्या. १९५१ आधी म्हातारपण हा डॉक्टरांचा विषय होता, उत्क्रांतीनं त्याकडं कसं बघायचं याची नीट वाट त्या व्याख्यानानं घालून दिली.

---

सौ_कोरेगाव

मेडावर स्वतः किती जगले हो?

---

कृष्णाकाठ

१९८७ ला गेला, ७२ व्या वर्षी. पण १९६९ ला, चौपन्न वर्षांचा असताना, एक्झेटरच्या कॅथेड्रलमध्ये सभेपुढं वाचन करता करताच त्याला मेंदूत रक्तस्राव झाला. डावी बाजू गेली, नजरेवरही परिणाम झाला. तेव्हा तो लंडनच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेचा प्रमुख होता. नंतरही स्ट्रोक आले. तरी पुढची अठरा वर्षं लिहीत राहिला, लॅबमध्ये जात राहिला, त्याची बायको जीन कायम बरोबर. त्याची गाजलेली बरीच पुस्तकं या आजारपणानंतरची आहेत. सलग काम करणं किती अवघड गेलं असेल, अर्धं शरीर साथ देत नसताना.

---

वाळव्याचा_गोठा

सर अजून एक. तुमच्या हिशोबानं उशिरा पोरं झाली तर निवडीचा पहारा उशिरापर्यंत राहतो. मग आता पोरं-पोरी तिशी-पस्तिशीत लग्न करत्यात, त्यांचं आयुष्य वाढणार का? इथं कट्ट्यावर वाद लागलाय.

---

कृष्णाकाठ

दादा, हाच प्रयोग माश्यांवर झालाय, केळ्यावर घिरट्या घालणाऱ्या बारक्या फळमाश्या. मायकेल रोजनं दर पिढीला फक्त म्हाताऱ्या माद्यांचीच अंडी पुढं घेतली, तरुण माद्यांची टाकून दिली. असं पिढ्यान्‌पिढ्या केल्यावर माश्या खरंच जास्त जगायला लागल्या, १९८४ ला त्यानं ते छापलं. पण त्यातली एकही माशी उशिरा अंडी घातली म्हणून स्वतः जास्त जगली नाही. बदल झाला तो वंशात, निवड करून करून. शिवाय त्या दीर्घायुषी माश्या तरुणपणी अंडी कमी घालायच्या, म्हणजे विल्यम्स म्हणाला तसा सौदा होताच. माणसात असं काही दिसायला शेकडो-हजारो वर्षं जातील, आणि तेही बाकी सगळं तसंच राहिलं तर. तेव्हा कट्ट्यावर सांगा, लग्नाच्या वयानं स्वतःचं आयुष्य वाढत नाही. बीपी तपासा, तंबाखू सोडा, त्यानं नक्की वाढतं.

---

वाळव्याचा_गोठा

सांगितलं. तंबाखूवर आता वेगळा वाद चालू झालाय.